'गव्हर्निंग बोर्ड'ला मराठीत काय म्हणावे? नियामक मंडळ, व्यवस्थापन मंडळ की संचालक मंडळ?

मूळ प्रश्न (दादर, अनुवादक)

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य आणि त्यांच्या संस्था व्यवस्थापन समित्यांवर काम करणारे उद्योजक यांच्यासाठी मी एक माहितीपुस्तिका मराठीत तयार करीत आहे. तिच्यातील एक प्रकरण अमेरिकेतील मेन राज्याच्या प्रादेशिक तंत्रशिक्षणाचा कारभार कसा चालतो यावर आहे. तेथे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी दिवसाचा काही वेळ आपल्या शाळेत सामान्य विषय शिकतात आणि उरलेला वेळ आसपासच्या अनेक शाळांसाठी असलेल्या तंत्रशिक्षण केंद्रात घालवतात. कायद्याने या केंद्रांचे दोन प्रकार केले आहेत. 'सेंटर' या प्रकारात कारभार एकाच शाळा-जिल्ह्याकडे (म्हणजे एका परिसरातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक सत्तेकडे; पुढे 'जिल्हा' याच अर्थाने) असतो. 'रीजन' या प्रकारात अनेक शाळा-जिल्हे एकत्र येतात आणि त्यांच्या प्रतिनिधींचे 'कोऑपरेटिव्ह बोर्ड' अंदाजपत्रक, नेमणुका आणि धोरण यांची जबाबदारी सांभाळते.

या दुसऱ्या प्रकारच्या बोर्डासाठी मराठी शब्द हवा आहे. नियामक मंडळ, प्रशासकीय मंडळ, संचालक मंडळ, सहकारी मंडळ असे पर्याय माझ्यासमोर आहेत. आपल्या मते कोणता शब्द वाचकाला अचूक अर्थ देईल, आणि का?

प्रतिसाद (गिरगाव)

'नियामक मंडळ' हा शब्द रुळलेला असताना नवा शोधण्याचे कारण मला दिसत नाही. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे सभासद मतदान करून जे मंडळ निवडतात ते नियामक मंडळच असते, आणि महाविद्यालयांच्या मराठी कागदपत्रांतही 'गव्हर्निंग बॉडी'साठी हाच शब्द आढळतो.

प्रतिसाद (माटुंगा, शिक्षणविषयक कायद्यांचे अनुवाद तपासणारा)

तो रुळलेला आहे हे खरे, परंतु एकाच अर्थाने रुळलेला नाही, आणि अडचण तेथेच आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला, बांधकाम क्षेत्रासाठी २०१७ पासून महारेरा आले, आणि खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरवण्यासाठी २०१५ च्या अधिनियमाने शुल्क नियामक प्राधिकरण निर्माण केले. या सर्व ठिकाणी नियामक म्हणजे स्वतः काही न चालवता, जे चालवतात त्यांच्यावर बाहेरून अंकुश ठेवणारा. शुल्क नियामक प्राधिकरण एकही महाविद्यालय चालवत नाही. नाट्य परिषदेचे नियामक मंडळ मात्र परिषदच चालवते. नाट्यव्यवसायाशी संबंधित माणसाला यात गोंधळ होत नाही, कारण त्याला ती संस्था आतून ठाऊक असते. आपल्या पुस्तिकेच्या वाचकाला मेनमधील ते बोर्ड ठाऊक नाही, त्यामुळे शब्द जे सुचवील तेच तो खरे मानील.

शिवाय व्यवसाय प्रशिक्षणाच्या क्षेत्रात बाहेरचा नियामक खरोखरच अस्तित्वात आहे. २०१८ साली अधिसूचित झालेली राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद, जिला आपण एनसीव्हीईटी या आद्याक्षरांनी ओळखतो, ती प्रमाणपत्रे देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना मान्यता देते व त्यांच्यावर देखरेख ठेवते. आपल्या पुस्तिकेत तिचा उल्लेख येणे अपरिहार्य आहे. त्याच पानावर केंद्र चालवणाऱ्या मंडळालाही 'नियामक' म्हटले, तर 'नियामकाने अभ्यासक्रम बंद केला' या वाक्याचा अर्थ प्राचार्यांनी काय घ्यावा? परिषदेने मान्यता काढली, की स्थानिक मंडळाने विद्यार्थी नाहीत म्हणून तुकडी बंद केली? या दोन घटनांवर दाद मागण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत, म्हणून हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

माझी शिफारस 'संयुक्त व्यवस्थापन मंडळ' अशी आहे, आणि तिच्यातील शब्दांची कारणे स्वतंत्र आहेत.

'व्यवस्थापन' हा शब्द ऐकताच कारखान्याचा किंवा कार्यालयाचा रोजचा कारभार आठवतो आणि तो धोरण ठरवणाऱ्या मंडळासाठी अपुरा वाटतो, हे मी जाणतो. परंतु महाराष्ट्राच्या शिक्षणविषयक कायद्यात या शब्दाला फार पूर्वीपासून वरचा अर्थ आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे विनियमन करणाऱ्या १९७७ च्या अधिनियमात शाळेचे व्यवस्थापन म्हणजे शिक्षकाची नेमणूक करणारी आणि त्याच्यावर कारवाई करू शकणारी सत्ता; मुख्याध्यापक तिच्याखाली येतो. मुंबईतील कोणत्याही शिक्षकखोलीत 'हे मॅनेजमेंट ठरवील' असे म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात अधिसभा, विद्यापरिषद आणि अभ्यास मंडळे यांच्याबरोबर 'व्यवस्थापन परिषद' आहे आणि विद्यापीठाची प्रमुख कार्यकारी सत्ता तीच आहे. शिक्षण हक्क कायद्यान्वये प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत जी समिती असते, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा नियम आहे, तिलाही 'शाळा व्यवस्थापन समिती' म्हणतात. म्हणजे शिक्षणाच्या संदर्भात हा शब्द मराठीने आधीच 'गव्हर्निंग'च्या पातळीवर नेऊन ठेवला आहे. आपल्याला तो फक्त उचलायचा आहे.

'संयुक्त' याकरिता की त्या रचनेचा प्राण अनेक जिल्ह्यांचे एकत्र येणे हा आहे. 'कोऑपरेटिव्ह'चे 'सहकारी' असे रूपांतर करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली साखर कारखाने, पतपेढ्या आणि या शहरातील हजारो गृहनिर्माण संस्था नोंदलेल्या आहेत. मुंबईकराला सहकारी म्हटले की भागधारक, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि उपनिबंधक आठवणार. मेनमधील मंडळावर भागधारक नाहीत, जिल्ह्यांचे प्रतिनिधी आहेत.

'संचालक मंडळ' कंपनीसाठी आणि सहकारी संस्थेसाठी ठेवावे. 'प्रशासकीय' या शब्दात आज नोकरशाही इतकी भरली आहे की त्यातून लोकप्रतिनिधींचा बोध होत नाही. आणि महानगरपालिकेवर 'प्रशासक' नेमला जातो तेव्हा निवडून आलेले सभागृह नसते, हे आपण मुंबईत अनुभवलेले आहे.

प्रतिसाद (मुलुंड, निवृत्त गटनिदेशक)

वरील विवेचन मान्य करून दोन गोष्टी जोडतो.

पहिली, 'मंडळ' या शब्दाविषयी. आमच्या क्षेत्रात मंडळ म्हटले की परीक्षा घेणारे मंडळ असाच समज होतो. दहावी-बारावीचे राज्य मंडळ, वांद्र्याचे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, ही सारी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी आहेत. 'तंत्रशिक्षण केंद्राचे मंडळ' असे आपण लिहिले, तर बहुतेक प्राचार्यांना प्रथम निकालपत्रक आठवेल. त्यामुळे मला 'समिती' हा शब्द जवळचा वाटतो. २००७-०८ मध्ये केंद्र शासनाने खाजगी भागीदारीतून १,३९६ शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा दर्जा उंचावण्याची जी योजना आणली, तिच्यात प्रत्येक संस्थेसाठी संस्था व्यवस्थापन समिती स्थापून ती नोंदणीकृत करायची होती आणि तिला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळत होते. अध्यक्ष उद्योग-भागीदार, त्याने सुचवलेले चार उद्योजक, शासनाने नेमलेले पाच सदस्य, त्यांत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, आणि प्राचार्य पदसिद्ध सदस्य-सचिव. वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरवण्याचा अधिकारही तिला दिलेला होता. एवढी सत्ता असूनही तिचे नाव समितीच होते, आणि बैठकीत आम्ही सर्वजण तिला तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी 'आयएमसी' म्हणत असू.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे अर्थाचा अनर्थ होतो. केंद्र शासनाकडून येणाऱ्या हिंदी पत्रकांत 'निदेशक' म्हणजे डायरेक्टर. 'निदेशक मंडल' म्हणजे संचालक मंडळ. 'प्रशिक्षण महानिदेशालय' हे दिल्लीतील सर्वोच्च कार्यालय. महाराष्ट्रात मात्र 'शिल्प निदेशक' म्हणजे कार्यशाळेत उभा राहून कातारी, जोडारी, संधाता, वीजतंत्री घडवणारा शिक्षक, आणि त्याच्या वरचा तो गटनिदेशक. ज्याला आपण निदेशक म्हणतो त्याला हिंदीत अनुदेशक म्हणतात. हिंदी मजकुरावरून घाईने केलेल्या मराठी पत्रकात 'निदेशकांची नेमणूक मंडळ करील' असे वाचले, तर येथील माणूस समजेल की मंडळ थेट शिक्षक भरते. आपल्या प्रकरणात केंद्रप्रमुखाची नेमणूक अभिप्रेत असेल, तर तेथे 'संचालक' हाच शब्द असू द्यावा.

प्रतिसाद (माटुंगा)

'निदेशक' विषयीचा मुद्दा अत्यंत मोलाचा आहे. पुस्तिकेच्या आरंभी तो स्पष्ट करावा असे मी सुचवीन. मंडळ की समिती याविषयी मात्र माझे मत बदललेले नाही. समिती ही सामान्यतः कोणीतरी नेमलेली असते आणि नेमणाऱ्याला उत्तरदायी असते. संस्था व्यवस्थापन समितीच्या बाबतीत ते योग्यच होते, कारण शासकीय संस्थेतील कर्मचारी शासनाचेच राहिले आणि समितीचे अधिकार योजनेने आखून दिलेले होते. मेनच्या 'रीजन'मध्ये मात्र या मंडळाच्या वर केंद्राची मालकी सांगणारा कोणी एक जिल्हा नाही. सहभागी जिल्ह्यांची सामायिक सत्ता ते स्वतःच आहे. म्हणून तेथे मंडळ. उलट 'सेंटर' प्रकारात, जेथे सत्ता एका जिल्ह्याची असते आणि इतरांचा सहभाग मुख्यतः सल्ल्यापुरता असतो, तेथे 'सल्लागार समिती' हा शब्द अगदी चपखल बसेल. दोन्ही प्रकारांना एकच शब्द वापरला, तर त्या प्रकरणात सांगण्यासारखे जे आहे तेच पुसले जाईल.

मूळ प्रश्नकर्ती

मंडळ आणि समिती हा फरक आपण सांगितलेल्या कसोटीवर मी दोन्ही प्रकारांसाठी पाळीन. आता मूळ विषयाच्याच नावाविषयी विचारते. इंग्रजीत 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन' आहे. हाती आलेल्या एका कच्च्या मसुद्यात 'कारकीर्द व तांत्रिक शिक्षण' असे लिहिलेले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'व्यावसायिक शिक्षण'. मला दोन्ही खटकतात.

प्रतिसाद (माटुंगा)

दोन्ही खटकणे रास्त आहे. कारकीर्द हा शब्द मागे वळून पाहतो: पेशव्याची कारकीर्द, कुलगुरूंची कारकीर्द, एखाद्या फलंदाजाची कारकीर्द. जी अजून सुरू व्हायची आहे तिला कारकीर्द म्हणणे मराठीच्या कानाला बरे वाटत नाही. सोळा वर्षांच्या मुलीसमोर जे असते त्याला मराठी घरांत आज 'करिअर' म्हणतात, आणि तो शब्द तसाच ठेवण्यास माझी हरकत नाही.

'व्यावसायिक' चे प्रकरण अधिक नाजूक आहे. महाराष्ट्राने येथे एक बारीक पण उपयुक्त भेद केला आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी यांसारखे पदवी अभ्यासक्रम म्हणजे 'व्यावसायिक अभ्यासक्रम', ज्यांची प्रवेश परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. आणि फिटर-वेल्डरपासून सुरू होणारे शिक्षण म्हणजे 'व्यवसाय शिक्षण'. महापालिका मार्गावर एकाच आवारात तंत्रशिक्षण संचालनालय आणि व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय अशी दोन कार्यालये आहेत, आणि दुसऱ्याच्या पाटीवर 'व्यवसाय' आहे, 'व्यावसायिक' नाही. हिंदीत 'व्यावसायिक शिक्षा' हा शब्द व्होकेशनल शिक्षणासाठी चालतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरील मराठी लिखाणात तोच अर्थ 'व्यावसायिक शिक्षण' या रूपाने शिरला आहे, आणि त्यामुळे हा भेद पुसट होत चालला आहे. ज्या पालकाला आपले मूल कोणत्या रांगेत उभे करायचे हे ठरवायचे आहे त्याच्यासाठी हा भेद टिकला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील नावबदलाचा इतिहासही आपल्या प्रकरणात यावा. या शिक्षणाला तेथील केंद्रीय निधी देणाऱ्या १९८४ च्या पर्किन्स कायद्याच्या नावात 'व्होकेशनल एज्युकेशन' होते. २००६ च्या सुधारणेत त्याच्या जागी 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन' आले. जुन्या नावाला जो कमीपणा चिकटला होता तो दूर करणे हा या बदलामागील एक हेतू होता. म्हणून 'व्यवसाय व तंत्रशिक्षण' असे भाषांतर करून पहिल्या उल्लेखाच्या वेळी हा बदल दोन वाक्यांत सांगावा. मूळ नावातील 'करिअर' मध्ये असलेली आकांक्षा मराठी नावात पूर्ण उतरत नाही, हे मान्य करूनच मी हे सुचवतो आहे.

प्रतिसाद (ठाणे)

'रीजनल' साठी 'विभागीय' की 'प्रादेशिक'? विभाग म्हणजे खातेही होते, म्हणून 'विभागीय मंडळ' वाचून खात्याचे मंडळ असा भास होऊ शकतो. व्यवसाय शिक्षण संचालनालयाची सहसंचालकांच्या हाताखालील कार्यालयेही 'प्रादेशिक कार्यालये'च म्हणवतात. माझे मत 'प्रादेशिक' ला.

मूळ प्रश्नकर्ती

'प्रादेशिक' निश्चित करते. शेवटचा एक शब्द राहिला. जी शाळा आपले विद्यार्थी केंद्राकडे पाठवते तिला इंग्रजीत 'सेंडिंग स्कूल' म्हणतात. 'प्रेषक शाळा' हा शब्द पार्सलाच्या पावतीवरचा वाटतो.

प्रतिसाद (मुलुंड, निवृत्त गटनिदेशक)

'प्रेषक' नकोच. ही व्यवस्था आपल्याकडे अपरिचितही नाही. शासकीय तांत्रिक विद्यालयांना 'केंद्र' हे नाव जोडलेले असते ते याच कारणाने: आसपासच्या माध्यमिक शाळांतील मुले तांत्रिक विषयांसाठी तेथे येत, आणि त्यांचे नाव, हजेरीपट व दहावीचा अर्ज मात्र स्वतःच्या शाळेतच राही. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर ती त्याची 'मूळ शाळा' होय, आणि मंडळाच्या बाजूने पाहिले तर 'सहभागी शाळा'. जेथे वेळापत्रक, प्रवास आणि हजेरी यांविषयी लिहाल तेथे पहिला शब्द वापरावा. जेथे खर्चाचा वाटा, प्रतिनिधींची संख्या आणि मतांचा अधिकार यांविषयी लिहाल तेथे दुसरा. एका वाक्यात दोन्ही आले तरी हरकत नाही, उदाहरणार्थ: 'प्रत्येक सहभागी शाळेच्या जिल्ह्याने आपला वाटा संयुक्त व्यवस्थापन मंडळाकडे भरावयाचा असून विद्यार्थ्याचे गुणपत्रक त्याच्या मूळ शाळेकडेच पाठवले जाईल.' हे वाक्य आमच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणालाही वाचून दाखवले, तर पैसे कोण भरणार आणि निकाल कोठे मिळणार हे त्यांना पुन्हा विचारावे लागणार नाही.