आपोआप निघतो म्हणे!

वर कुणीतरी लिहिलंय की कॉमेडियनला रेडिओच्या रात्रीच्या शोला बोलावलं की तास आपोआप निघतो. अहो मी नाशकात एका लोकल एफएमवर दोन वर्षं रात्रीचा शो केलाय, आणि खरं सांगू का, सगळ्यात अवघड पाहुणा हाच. स्टुडिओ साउंडप्रूफ, समोर मी एकटा, आणि मी हसायचो तेही माइकपासून तोंड वळवून, म्हणजे ऐकणाऱ्याला नुसती शांतता! एकदा गंगापूर रोडच्या कॅफेत शो करून आलेला एक पोरगा तिसऱ्याच जोकला एवढा पडला की शेवटी मी प्रोड्युसरला आणि चहा घेऊन आलेल्या वॉचमनकाकांना आत आणून बसवलं. काका भलत्याच जागी हसले, पोराने थट्टेला त्यांनाच धरलं, आणि मग काय, कसारा घाट उतरल्यासारखी गाडी सुटली.

"एखादा जोक ऐकवा ना" हे चुकूनही म्हणू नका. पाच मिनिटांचा सेट (सलग बांधलेले जोक) त्यांनी कित्येक महिने घासलेला असतो, तो रेडिओवर फुकट कशाला जाळतील? त्यापेक्षा स्टेजवर कुठे आपटलात ते विचारा, भरभरून बोलतात. शिव्यांचं तेवढं आधी बोलून घ्या, खाजगी एफएमलाही आकाशवाणीचाच प्रोग्रॅम कोड (काय प्रसारित करायचं नाही त्याचे नियम) लागू असतो, त्यामुळे गप्पा रेकॉर्ड केलेल्या बऱ्या. शेवटची दहा मिनिटं मात्र पाहुण्याला थांबवून लाइव्ह फोन घ्याच, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या नाइट शिफ्टवाल्यांचं टायमिंग कधीकधी पाहुण्यापेक्षा भारी निघतं :)