चर्चा: लढाऊ विमानांचा सराव हवाच, पण आवाजाचं काय?

तिसरीच्या बाई
हवाई तळाजवळच्या शाळेत मी तिसरीला शिकवते. काचा थरथरायला लागल्या की वाक्य अर्ध्यावर सोडते, आवाज विरला की पुन्हा पहिल्यापासून. एक मुलगी पहिल्या घरघरीलाच पेन्सिल खाली ठेवून दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबते. विमान गेलं तरी ते लगेच निघत नाहीत. सराव बंद करा असं मी म्हणत नाही. वेळा आधी कळवाव्यात, परीक्षा आणि रात्री टाळाव्यात, आवाज मोजून आकडे जाहीर करावेत, एवढं मागणं चूक आहे का?

माजी वैमानिक
बाई, त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण खालून उडणं ही कुणाची हौस नसते. रडार सरळ रेषेत बघतं, त्यामुळे डोंगराआडून येणारं विमान त्याला उशिरा दिसतं. त्या उंचीवर डोळे आणि हात तयार व्हायला तिथेच उडावं लागतं. सिम्युलेटर पुष्कळ शिकवतो, पण वळणात शरीरावर येणारा भार तो देत नाही. रात्रीचं उड्डाण तर रात्रीच शिकायचं. आणि बहुतेक ठिकाणी तळ आधीचा, वस्ती नंतरची. घरांना परवानगी देणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही.

उंबरठा
"तळ आधीचा" हे अर्धसत्य आहे. तळ जुना असतो, विमान नवं येतं. अमेरिकेत व्हिडबी बेटावरच्या कूपव्हिल धावपट्टीवर नौदलाच्या ग्राउलर या लढाऊ जेट विमानांचा सराव वाढवायचं ठरलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ मध्ये न्यायाधीशांनी नौदलाला चुकीचं ठरवलं. मुलांच्या शिक्षणावरचा परिणाम नीट तपासलाच नव्हता, हेही त्यामागचं एक कारण होतं.

ध्वनीमापक
मूळ घोळ सरासरीत आहे. दिवसभराची सरासरी काढली की चार मिनिटांचा कानठळ्या बसवणारा आवाज शांत तासांत विरघळून जातो. झोप मात्र सरासरीने मोडत नाही, एका विमानाने मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ४५ आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा सुचवली. तीही सरासरीच.

माजी वैमानिक
ते आकडे मुख्यतः नागरी विमानतळांवरच्या अभ्यासांतून आलेत. आमच्याकडे रोज शंभर उड्डाणं नसतात, कित्येक दिवस आकाश रिकामं असतं. माणसाला सवय होते.

ध्वनीमापक
रिकामे दिवस असतात म्हणूनच दचकणं जास्त. खालून वेगात आलेलं विमान एक-दोन सेकंदांत शांततेतून टिपेला पोहोचतं, त्याची सवय कशी व्हावी? आणि मुलांच्या सवयीचं म्हणाल तर १९९२ मध्ये म्युनिकचा विमानतळ हलला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडची मुलं तपासली. नव्या जागेजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण खालावलं, जुन्या जागेजवळच्यांचं सुधारलं. नागरी आवाजाने हे होत असेल तर लष्करी आवाज मोजायला तरी हवाच.

उंबरठा
मोजू नका, सराव सरळ दूर न्या. जपानमध्ये अत्सुगी हवाई तळाभोवतीच्या लोकांनी वर्षानुवर्षं दाद मागितली आणि विमानवाहू नौकेवर उतरण्याचा सराव इवो जिमा बेटावर गेला.

माजी वैमानिक
आणि तिथवर बाराशे किलोमीटर समुद्रावरून जायचं. वाटेत इंजिनाने दगा दिला तर उतरायचं कुठे? तुमची शांतता एखाद्या वैमानिक पोराच्या जिवावर उभी राहू नये. वेळा जाहीर करायलाही माझा विरोध आहे. कोण कधी उडतं हे कागदावर मांडायची गोष्ट नव्हे.

तिसरीच्या बाई
दादा, कोणतं विमान, किती, कुठे जाणार, काही सांगू नका. उद्या दहा ते बारा आवाज असेल की नाही, एवढंच शाळेला कळू दे. मी त्या वेळात चित्रकला घेईन आणि वाचन दुपारी.