वरच्या मजल्याचा अर्ज नगरपरिषदेने 'दप्तरी दाखल' केला. अपील करू की नवा अर्ज? (मदत हवी आहे)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

मी साताऱ्यात नोकरीला. घर जिल्ह्यातल्याच एका छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण फाइल अजून त्यांच्याच कपाटात आहे. मंजूर लेआउटमधला दोन गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे साधारण २०२ चौरस मीटर. आण्णांनी १९९१ साली रीतसर परवानगी काढून तळमजला बांधला. परवानगीचा कागद आणि शिक्क्याचा नकाशा दोन्ही ट्रंकेत जपून ठेवलेत. आता धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, म्हणून वर दोन खोल्या, संडास-बाथरूम आणि बाहेरून जिना असा साधा प्रस्ताव. जिना बाहेरून अशासाठी की आईला बैठकीतून ये-जा नको, आणि पुढेमागे वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला तर सोय.

अर्ज परवानाधारक इंजिनिअरमार्फत ऑनलाइन केला, छाननी शुल्क भरलं. मग त्रुटींचं पत्र आलं: जुनी परवानगी, मिळकत पत्रिका, आणि जुनं बांधकाम वरचा मजला पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. सगळं दिलं, पोच आहे. त्यानंतर काहीच हालचाल नाही. इंजिनिअर म्हणायचे, "टेबलावर आहे." आणि मग हे पत्र:

"शेजारील मिळकतधारक यांची लेखी हरकत प्राप्त असल्याने तसेच सामासिक अंतरे नियमानुसार नसल्याने आपले प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

एवढंच. सामासिक अंतर म्हणजे बांधकाम आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा. कुठल्या बाजूचं अंतर कमी, किती हवं, किती आहे, काही नाही. नियमाचा क्रमांक नाही, हरकतीची प्रत नाही. पत्र येऊन तीन आठवडे होत आले.

हरकत घेणारे काका आमच्या भिंतीला लागूनच राहतात, लहानपणापासूनचे. त्यांचं म्हणणं, जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येतो, उजेड जाईल आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्याला आत दिसेल. खरं सांगू का, खिडकीचं म्हणणं मला पटतं. पण एक शब्द न बोलता थेट नगरपरिषदेत कागद दिला हे आण्णांना लागलंय. दोघांचं सकाळचं फिरणं बंद आहे.

घरातले सल्ले ऐका. मामा म्हणतात, बांधून मोकळी हो, नंतर दंड भरून सगळं होतं. आत्येभावाने व्हॉट्सअॅपवर पाठवलंय की ३,२०० चौरस फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही. वॉर्डातले एक माजी नगरसेवक म्हणतात, सभेत विषय घेऊ.

मला एवढंच कळून घ्यायचंय: हे पत्र म्हणजे नकार आहे की नुसतं थांबवून ठेवलंय? अपील करायचं तर कुठे? की गुपचूप नवा अर्ज टाकावा? आणि शेजाऱ्याच्या हरकतीवर नगरपरिषद घराची परवानगी अडवू शकते का?

यवतेश्वर_वळण

ताई, एवढं कशाला डोकं लावता. इंजिनिअर बदला. ज्याची ऑफिसात ऊठबस आहे असा धरा, महिन्यात कागद हातात.

धागाकर्ती

असा सल्ला येणार हे माहीत होतं. तो रस्ता नको, म्हणूनच इथे विचारतेय.

जुना_आरेखक

ताई, माझी नोकरी नगर रचना खात्यात झाली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. या निर्णयाला तीनच वाटा आहेत: बिनशर्त परवानगी, अटींसह परवानगी किंवा नकार. 'दप्तरी दाखल' नावाची चौथी वाट त्या कलमात नाही. शिवाय अट घातली किंवा नकार दिला तर त्याची कारणं आदेशातच लिहायची असतात. "नियमानुसार नाही" हे कारण झालं नाही, तो शेरा झाला. असली पत्रं मी आयुष्यभर पाहिली. फाइल टेबलावरून हलवायला ती फार सोयीची पडतात.

तरीही तुम्ही ते नकारच धरून चाला. कलम ४७ चं अपील निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत करायचं असतं. हा नकार होता की नव्हता यावर पत्रापत्री करत बसलात तर ते दिवस तिथेच संपतील. पत्र तुम्हाला ज्या दिवशी मिळालं ती तारीख पक्की करा, पोस्टाने आलं असेल तर पाकीट टाकू नका. अपील राज्य शासनाकडे जातं, म्हणजे नगर विकास विभागाकडे. तुम्हाला आणि नगरपरिषदेला, दोघांनाही म्हणणं मांडायची संधी देऊन मग अपील फेटाळतात किंवा परवानगी देतात, अटी बदलूनही देतात. सध्या ते नेमकं कोणत्या अधिकाऱ्याकडे दाखल करायचं हे साताऱ्यातल्या सहायक संचालक, नगर रचना यांच्या कार्यालयात विचारा, सांगतात.

कुणी तुम्हाला ६० दिवसांचंही सांगेल. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हे खरं आहे. पण दिवस अर्जापासून किंवा तुम्ही त्रुटींची पूर्तता केल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून मोजायचे. आणि मुळात नकाशा नियमात बसणारा हवा. नियमाबाहेरचं बांधकाम कॅलेंडरच्या जोरावर कायदेशीर होत नाही. या एका वाक्यावर विसंबून स्लॅब टाकलेले आणि मग कलम ५३ ची (बेकायदा बांधकाम पाडायची) नोटीस घेऊन आमच्याकडे आलेले लोक कमी नव्हते. मामांना तेवढं वाचून दाखवा.

माजी नगरसेवकांना नमस्कार सांगा, पण बांधकाम परवानगीवर सही मुख्याधिकाऱ्यांची असते. सभेत विषय घेऊन ती मिळत नाही.

३,२०० फुटांचा निरोप बहुतेक जुन्या घोषणेचा आहे. ती ग्रामीण भागातल्या घरांपुरती होती. नगरपरिषद हद्दीत एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागते, डिसेंबर २०२० पासूनची. तिच्यात छोट्या प्लॉटना सवलत आहे: १५० चौरस मीटरपर्यंत परवानाधारकाने प्रमाणित केलेला नकाशा दाखल करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी, आणि त्यापुढे ३०० पर्यंत १० दिवसांत परवानगी. तुमचा प्लॉट दुसऱ्या गटात येतो. पण त्यात नकाशा नियमात बसतो याची जबाबदारी परवानाधारक स्वतःच्या सहीने घेतो. तुमच्या इंजिनिअरनी तो मार्ग का घेतला नाही हे त्यांना विचारा. उत्तर 'मार्जिन' (म्हणजे तेच सामासिक अंतर) असं आलं तर आपल्याला बरंच काही कळलं.

आता हरकत. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, ती कायद्याने ठरलेली पद्धत आहे. दोन गुंठ्यांवरच्या घराला तशी पद्धत नाही. शेजाऱ्याने अर्ज दिला तर नगरपरिषदेने त्यातून एवढंच बघायचं की जागा तुमची आहे ना आणि नकाशा नियमात आहे ना. उजेड-वाऱ्याचा हक्क हा भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ चा विषय. त्यात २० वर्षांच्या वापराची अट आहे, आणि तो वाद दिवाणी न्यायालयात चालतो, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर नाही. नुसती हरकत आली म्हणून परवानगी अडवता येत नाही.

तेव्हा सगळा प्रश्न त्या सामासिक अंतरापाशी येऊन थांबतो. टेप घ्या आणि जिन्याच्या बाहेरच्या कडेपासून हद्दीपर्यंत मोजा. हद्द म्हणजे कंपाउंडची भिंत नव्हे. भिंती आपल्याकडे गवंड्याच्या अंदाजाने उभ्या राहतात. मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणीचा नकाशा) असेल तर तिच्यावरून मोजा, नसेल तर भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज आजच द्या.

आयर्विन_पूल

सांगलीहून. तुमचा मामला आमच्या मानाने सरळ आहे हो. आमच्याकडे आधी पुराची निळी रेषा, लाल रेषा, मग गुंठेवारी (मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यांनी विकलेले प्लॉट), आणि एवढं पार पडलं तर घराचा नकाशा. २०१९ च्या पुरानंतर तर जोत्याची उंची हाच घरोघरी बोलायचा विषय.

कामाचं सांगतो. माहिती अधिकारात फाइलमधल्या टिपणीची आणि हरकतीच्या अर्जाची प्रत मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. खरं कारण पत्रात नसतं, टिपणीत असतं. माझ्या बाबतीत पत्रात मोघम होतं आणि टिपणीत कनिष्ठ अभियंत्याने आकडे टाकून सगळं लिहिलेलं होतं. फक्त उत्तराला ३० दिवस घेतात आणि तुमचे ४० त्यासाठी थांबत नाहीत, तेव्हा उत्तराची वाट बघत अपील लांबवू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आरेखक काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवारी मोजलं. आण्णांच्या ट्रंकेत लेआउटच्या वेळची मोजणीची प्रतही निघाली. मूळ घर १९९१ च्या नकाशाप्रमाणेच आहे, चारी बाजूंनी मोकळी जागा तेवढीच. पण नवा जिना शेजारच्या काकांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पूर्ण शिरतो. तो धरला तर हद्दीपर्यंत माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरते. इंजिनिअर म्हणाले, "वरून छप्पर नाही, उघडा जिना आहे, चालून जातं." कुठे चालून जातं विचारलं, तर विषय बदलला.

म्हणजे पत्र कसंही लिहिलेलं असलं तरी आतलं कारण खरं दिसतंय. मग अपील करण्यात अर्थ आहे का?

जिना पुढच्या व्हरांड्यातून घेता येतो असं दुसरे एक इंजिनिअर म्हणाले. व्हरांड्याला बाहेरून वेगळं दार केलं की बैठकीतून जावं लागत नाही. आईला ते चालेल, आण्णांना व्हरांडा गेल्याचं वाईट वाटेल.

जुना_आरेखक

हे मोजमाप झालं ते फार बरं झालं. माझं मत स्पष्ट सांगतो. या नकाशावर अपिलात जाऊन तुम्ही जिंकाल असं वाटत नाही. फार तर पत्रात कारणं नाहीत म्हणून फेरनिर्णयासाठी प्रकरण परत येईल, आणि जिना तिथेच असेल. सामासिक अंतरात सवलत द्यायची सोय नियमावलीत आहे, पण ती खरी अडचण दाखवता आली तर, आणि त्याचं शुल्कही असतं. व्हरांड्यातून जिना निघतोय म्हटल्यावर तुमची अडचण कोण मान्य करणार?

सुधारित नकाशा द्या. अर्जात लिहा की आधीच्या पत्रातल्या सामासिक अंतराच्या मुद्द्याची पूर्तता केली आहे, आणि हरकतीची प्रत आपल्याला दिली गेली नाही हेही त्याच अर्जात नोंदवा. इंजिनिअर हवा तर बदला, पण जुन्यांचं काम थांबवल्याचं पत्र नगरपरिषदेला द्यायला विसरू नका, नाहीतर त्रुटी त्यांच्याच लॉगिनला जात राहतील.

अपिलाचा मसुदा मात्र करून ठेवा. चाळिसावा दिवस जवळ आला आणि सुधारित अर्ज स्वीकारायलाच टाळाटाळ होतेय असं दिसलं तर दाखल करून टाका. दोन्ही एका वेळी चाललेलं मी पाहिलंय, फक्त एकाचा उल्लेख दुसऱ्यात करा.

धागाकर्ती

आणि काकांकडून 'हरकत नाही' असं लिहून घ्यावं का?

जुना_आरेखक

कायद्याने लागत नाही. पण नवा नकाशा घेऊन आण्णांनाच त्यांच्याकडे पाठवा. खिडकी मोकळी राहतेय हे कागदावर दिसलं की ते हरकत मागे घेतील असं मला वाटतं. घेतलीच, तर ते पत्र त्यांनी स्वतः आवक-जावकला द्यावं आणि शिक्क्याची प्रत तुम्ही नव्या अर्जाला जोडावी.

धागाकर्ती

आण्णा "बघू" म्हणालेत. नवा नकाशा शुक्रवारपर्यंत मिळतोय. अर्जाची पोच मिळाली की इथे लिहीन.