मदत हवी आहे: एच-४ वरच्या आईला मुलीची कस्टडी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी, मावसबहिणीसाठी विचारतेय. ती एडिसनला असते, नवरा एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ही एच-४ म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर, मुलगी ४ वर्षांची आणि जन्माने अमेरिकन सिटिझन. आता त्याने डिव्होर्स फाइल केलाय आणि रोज एकच धमकी, डिक्री (डिव्होर्सचा अंतिम आदेश) झाली की तुझा व्हिसा संपला, तू जा पुण्याला, पोरगी इथेच राहील. व्हिसाचं खरंय, डिव्होर्स झाला की एच-४ जातं, पण म्हणून कस्टडीही आपोआप जाते असं थोडीच आहे, कोर्ट मुलीचं हित बघतं ना?

मावशी म्हणते सरळ पोरीला घेऊन निघून ये, परदेशात नेलेलं मूल परत पाठवायच्या हेग करारात भारत नाहीये, कोण काय करणार. मला हे अजिबात पटत नाही, मूल शेवटचे सहा महिने ज्या राज्यात राहिलं तिथल्याच कोर्टाकडे कस्टडीची केस जाते आणि न सांगता नेलं तर तिच्यावरच उलटेल. शिवाय पोरीचा पासपोर्ट त्याने कुलुपात ठेवलाय, नवीन काढायचा तर १६ च्या आतल्या मुलांसाठी दोघांची संमती लागते.

कोणी यातून गेलंय का? बी-२ (पर्यटक) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाला स्टेटस बदलायचं तर अर्ज डिक्रीच्या आधीच टाकायला हवा ना? फॅमिली आणि इमिग्रेशनचे वकील वेगवेगळे धरावे लागतात का? तिच्याकडे वर्क परमिट नाही, जॉइंट अकाउंटचं कार्डही त्याने बंद केलंय, मग वकिलाची फी कोर्टातून नवऱ्याकडे मागता येते का तेही सांगा. तारीख जवळ आलीये, इनबॉक्स केलंत तरी चालेल.