पोर्शन संपतो हो, खडू मात्र जास्त लागतो

चित्रं-नाटुकल्यांतून शिकवलं की तास वाया जातो आणि पोर्शन मागे पडतो, असं एका ताईंनी लिहिलंय. माझा अनुभव उलटा आहे. चौथीच्या वर्गात फरशीवर खडूने सीएसएमटी ते ठाणे रेल्वेमार्ग काढला. प्रत्येक पोर एक स्टेशन झालं आणि आपल्या स्टेशनची घोषणा ज्याने त्याने स्वतः करायची. घरी भोजपुरी बोलणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी घाटकोपर झाली. 'पुढील स्टेशन घाटकोपर' एवढं म्हणून थांबली नाही, 'वर्सोव्याची मेट्रो इथून पकडा' असंही ठणकावून सांगितलं! मग १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सांगितली, तर लगेच प्रश्न आला, "बाई, तेव्हा सीएसएमटी नव्हतं?" नव्हतंच. आत्ताची इमारत १८७८ला बांधायला घेतली. पाठांतरातून हा प्रश्न आला नसता.

गोंगाट होतो, हे कबूल. शेजारच्या वर्गाच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. पण नुसता प्रोजेक्टर लावून व्हिडिओ दाखवणं मी अशा शिकवण्यात धरत नाही. त्यात मुलं गप्प बसतात, एवढाच फायदा.