मदत हवी आहे: भावाच्या निवासी संस्थेचा तपासणी अहवाल मिळत नाही

मुक्ता_1: भाऊ मतिमंद आहे, निवासी संस्थेत असतो. तिथल्या तपासणीचा अहवाल मागितला तर 'वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही' असं उत्तर आलं. आता काय करू? लवकर सांगा.

वाटसरू: मागितला कोणाकडे? साधं पत्र की माहिती अधिकारात? संस्था अनुदानित आहे का?

मुक्ता_1: समाजकल्याणकडे, माहिती अधिकारात. अनुदानाचं माहीत नाही.

निवांत: निरामय विमा (दिव्यांगांचा आरोग्य विमा) काढलाय का? 1 लाखापर्यंत उपचारांचा खर्च मिळतो. आधी ते करा.

मुक्ता_1: काढलाय हो. मला अहवाल हवाय.

कलमबहाद्दर: अनुदान नसलं तरी अडत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 50 प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही, त्यामुळे सरकारदरबारी तिची फाईल असतेच. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करा. माहिती अधिकाराच्या कलम 10 वर बोट ठेवा: मुलांची नावं, निदान झाकून बाकीचा अहवाल द्या म्हणावं.

वाटसरू: अपिलात महिने जातात. सोमवारी दुपारी 3 ते 5 कार्यालयात जाऊन फाईल बघायला मागा. मला तशीच मिळाली होती.

कलमबहाद्दर: तुम्हाला मिळाली, सगळ्यांना मिळते असं नाही. फाईल जरूर बघा, पण अपिलाची मुदत घालवू नका.

सई_विशेषशिक्षिका: नुसता अहवाल मागून 'इमारत स्वच्छ आहे' एवढंच हाती येईल. मंजूर प्रवेशसंख्या, प्रत्यक्ष मुलं किती, रात्री काळजीवाहक किती, शिक्षकांची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, हे मागा. आमच्याकडे काळजीवाहकाची जागा रिकामीच आहे आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही, याचा फार त्रास होतो.

निवांत: मुळात भावंडांनी घरीच सांभाळावं.

सई_विशेषशिक्षिका: त्यांनी हे विचारलेलं नाही. ताई, अहवाल आत्ताच का हवाय?

मुक्ता_1: त्याच्या दंडावर वळ आहेत. संस्था म्हणते पडला. त्याला बोलता येत नाही.

कलमबहाद्दर: अहो, हे आधी सांगायचं! मग अहवालासाठी थांबू नका. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदारांकडे, लेखी तक्रार द्या. पोहोच घ्या.

सई_विशेषशिक्षिका: त्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवून वळांची नोंद करून घ्या. आजच. चार दिवसांत ते फिके पडतात.

मुक्ता_1: निघतेय. रविवारी भेटू देत नाहीत, अडवलं तर?