बुटका आहे, आजारी नाही. मग ग्रोथ हार्मोन कशाला?

धागाकर्ती:
मुलगा नऊ वर्षांचा. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. तपासण्यांत हार्मोन नीट निघालं, तरी घरच्यांना इंजेक्शनं हवीतच. कमतरता असेल तर जरूर द्या. पण निरोगी पोराला चार-पाच वर्षं रोज रात्री सुई टोचून सरासरी पाचेक सेंटिमीटर मिळणार, आणि त्यासाठी डोकेदुखी, वाढती साखर, खुब्याचं हाड सरकणं यांची जोखीम मी का घेऊ?

कोकणी बाप:
यादी वाचून घाबरायचं तर क्रोसिनही देऊ नका! माझ्या मुलीने सहा वर्षं घेतलं. सुरुवातीला पाय सुजले, सांधे दुखले, मग थांबलं. कवटीतला दाब क्वचितच वाढतो, आणि औषध थांबवलं की बहुधा उतरतो. मेस्सीनेही लहानपणी हेच घेतलं होतं.

धागाकर्ती:
मेस्सीला कमतरता होती हो. तुमच्या मुलीलाही असणार.

कोकणी बाप:
होती. मान्य.

रात्रपाळी:
मला नाही मान्य. कारण न सापडलेल्या बुटकेपणासाठीही अमेरिकेत 2003 पासून मंजुरी आहे. ‘टिल्लू’ ऐकत मोठा झालोय मी. पाच सेंटिमीटर कमी वाटतात ते उंच माणसांना.

जुना वाचक:
मंजुरी सरसकट नाही, अगदीच कमी उंचीच्या मुलांसाठी आहे. 1985 पर्यंत हे हार्मोन मृतांच्या मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीतून काढत. त्यातून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा जीवघेणा मेंदूविकार झाला, तोही कैक वर्षांनी. आताचं औषध प्रयोगशाळेत बनतं, तो धोका उरला नाही. पण उशिरा उगवणाऱ्या दुखण्याची भीती मला वेडगळ वाटत नाही.

रात्रपाळी:
अर्धंच सांगताय. 2012 मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात लहानपणी हे औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसले, खरं. पण 2020 साली आठ युरोपीय देशांच्या मोठ्या अभ्यासात नुसती हार्मोनची कमतरता किंवा अकारण बुटकेपणा असलेल्यांत ते वाढलेले दिसले नाहीत.

जुना वाचक:
बरं, तेवढं मागे घेतो. द्यायचंच ठरलं तर मूल लंगडलं, गुडघा किंवा खुबा दुखतो म्हणालं, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. डोकं दुखून उलट्या झाल्या, अंधुक दिसलं तरी तेच. साखर, थायरॉइड, पाठीचा बाक यांवरही लक्ष हवं.

कोकणी बाप:
आणि पोराला कोणी विचारलंय का?

धागाकर्ती:
काल विचारलं. म्हणाला, “रविवारी पण सुई?”